हातात आठ लाख आणि घ्यायचंय भाड्याने द्यायला घर: सुरुवात कुठून करायची

मला गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या कितीतरी जणांनी एकाच प्रकारचं रील पाठवलंय. अमेरिकेतला कोणीतरी गृहस्थ लाकडी घरासमोर उभा राहून सांगतोय की खिशातला एक डॉलर न घालता हे घर घेतलं, भाडेकरूच हप्ता भरतो आणि वर महिन्याला ३०० डॉलर उरतात. आणि खाली मित्राचा मेसेज, "आपल्याकडे होईल का रे?" तर सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकतो म्हणून हे लिहितोय. होतं, पण तसं नाही होत. तिकडे ३० वर्षं एकाच व्याजदराने कर्ज मिळतं आणि बऱ्याच गावांत भाडंही किमतीच्या मानाने दणकून येतं. आपल्याकडे पुण्या-मुंबईत वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या जेमतेम तीन-चार टक्के, आणि गृहकर्जाचं व्याज त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे भाडं हप्ता भरत नाही. इथं डोकं लावायचं ते ही मधली गॅप कोण भरणार, किती महिने भरणार आणि विकणाऱ्याला पैसे कधी द्यायचे यात.

पहिली पायरी: खरा आकडा काढा

समजा पुण्यात ४० लाखांचा रिसेल वन बीएचके बघितलाय. बहुतेक जण म्हणतात २० टक्के आपले, म्हणजे ८ लाख, झालं. नाही झालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळतं, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्याच्या वर ७५. आणि ही किंमत म्हणजे नुसती घराची किंमत, स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत (१० लाखांपर्यंतची घरं तेवढी अपवाद). तर ४० लाखांवर कर्ज जास्तीत जास्त ३२ लाख. तुमचे ८. पुण्यात स्टँप ड्युटी सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का पण ३० हजारांच्या वर जात नाही, म्हणजे ३० हजार. एजंट एक टक्का म्हणतो आणि दोन मागतो, धरा ६० हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार घेता येते, त्याच्या वर "डोनेशन" मागितलं तर लेखी मागा, बऱ्याचदा तिथेच विषय संपतो. वकील, सर्च रिपोर्ट (घराच्या जुन्या व्यवहारांची तपासणी), बँकेची प्रोसेसिंग, रंगरंगोटी, गळका नळ. बेरीज साडेबारा लाखांच्या आसपास जाते. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत १ टक्का सूट आहे, ४० हजार वाचतात, आमच्याकडे हे बायकोनेच आधी शोधून काढलं होतं.

आता महिन्याचं बघा. ३२ लाख, व्याज समजा साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता २७,७७० रुपये. भाडं समजा १२ हजार, त्यातून मेंटेनन्स दोन हजार. म्हणजे दर महिन्याला सुमारे १८ हजार तुमच्या पगारातून, वर्षाला दोन लाखांच्या वर. आणि दोन भाडेकरूंच्या मध्ये दीड-दोन महिने घर रिकामं राहणारच, ते वेगळं. हा आकडा कागदावर लिहून फ्रीजला लावा आणि एक महिना बघत राहा, मग पुढं वाचा.

दुसरी पायरी: आधी बँक, मग घर

हे उलटं केलं की काय होतं ते मी अनुभवलंय. २०१८ ला एका फ्लॅटला मी टोकन म्हणून ५१ हजार देऊन मोकळा झालो होतो, पावती म्हणजे एजंटचा व्हॉट्सॲपवरचा अंगठा. बँकेच्या माणसाने कागद बघितले आणि म्हणाला, साहेब बिल्डिंगला ओसी कुठंय? ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, महापालिकेने दिलेला राहायला परवानगीचा कागद. नव्हता. कर्ज नामंजूर. विकणारा म्हणाला तुमचं कर्ज झालं नाही त्यात माझा काय दोष, आणि चार महिने मागे लागून २५ हजार परत मिळाले. तेव्हापासून ताकही फुंकून पितो. टोकन द्यायचं तर इसारपावती, म्हणजे आगाऊ रकमेचा लेखी करार, करायची आणि त्यात एक ओळ घालायचीच घालायची: मालमत्तेच्या कागदपत्रांमुळे कर्ज नाकारलं गेलं तर इसाराची पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. एवढी एक ओळ लिहायला जो तयार नाही त्याच्याकडे काहीतरी लपवण्यासारखं आहे असं मी सरळ धरून चालतो.

बँकेकडून आधी कर्जाची तत्त्वतः मंजुरी घेऊन ठेवा. साधारण सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत बँका चालवून घेतात, म्हणून गाडीचं आणि फोनचं कर्ज आधी फेडा. आणि डाउन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढू नका, ते सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीत, दिसतं, गृहकर्ज तेवढंच कमी होतं, आणि व्याज वेगळं. एफडी, सोनं किंवा जुन्या विमा पॉलिसीवर कर्ज काढणं त्यामानाने बरं, कारण नाहीच जमलं तर मोडून फेडता येतं.

तिसरी पायरी: विकणाऱ्याला विचारा, पैसे कधी लागणारेत?

लोक किंमत विचारतात. मी "कधी" विचारतो. खरी क्रिएटिव्ह फायनान्सिंग, म्हणजे पैसे जमवायची वेगळी वाट, काय ती इथंच आहे, बाकी सगळं बँकेच्या नियमात बांधलेलं. ज्याला मुलीच्या लग्नासाठी पुढच्या महिन्यात पैसे हवेत त्याच्याशी वेळेबद्दल बोलणी होत नाहीत, पण ज्याचं घर दोन वर्षं बंद पडून आहे, ज्याला वारशाने आलंय, जो मुलाकडे बंगळुरूला राहायला गेलाय आणि इथला मेंटेनन्स उगाच भरतोय, त्याला वेळ चालतो. एकदम सगळे पैसे मिळाले तर त्यांचं करायचं काय हाच प्रश्न असतो अशा काही जणांना.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे नुसता वेळ मागून घेणं. साठेखत (पुढं विक्री करण्याचा करार) रजिस्टर करायचं, १० टक्के द्यायचे आणि बाकीचे सहा महिन्यांत. तेवढ्यात तुमची एफडी सुटते, गावाकडचे पैसे येतात. साठेखत रजिस्टर झालं की इंडेक्स टू ला, म्हणजे सरकारी नोंदणीच्या उताऱ्यात, तुमचं नाव दिसतं, मग तेच घर दुसऱ्याला गुपचूप विकणं अवघड होतं. नुसती नोटरी केलेली साठेखतं मात्र रद्दीच्या भावाची.

दुसरा प्रकार, विकणाऱ्याकडूनच हप्त्याने. मी एकदाच केलंय, नाशिकला, ग्राउंड प्लस थ्री, लिफ्ट नाही, बिल्डिंग इतकी जुनी की बँका २० वर्षांचं कर्ज देईनात. म्हणून तर स्वस्त होता, २४ लाख. काका-काकू दोघं सत्तरीच्या पुढचे, तिसरा मजला चढवत नव्हता म्हणून मुलीजवळ भाड्याने राहायला गेलेले. मी म्हटलं ६ लाख आता देतो, १८ लाख पाच वर्षांत, ८ टक्के व्याजाने, महिन्याला साडेछत्तीस हजार. काकांनी कॅल्क्युलेटर न घेता पाठीमागच्या कॅलेंडरवर हिशोब केला आणि म्हणाले, "म्हणजे मला पेन्शनच की." काकू मात्र पक्क्या. त्यांनी विचारलं, मधेच तुझी नोकरी गेली तर? आणि आम्हीच गेलो तर? या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजेच आमचा करार, वकिलाने फक्त त्याची भाषा जड केली.

काय केलं ते सांगतो, कारण इथं घोळ होतो. खरेदीखत माझ्या नावावर झालं, आणि त्याच दिवशी उरलेल्या १८ लाखांसाठी मी त्यांना रजिस्टर गहाणखत करून दिलं. गहाणखतालाही वेगळी स्टँप ड्युटी लागते, ती धरून चाला. सोसायटीचं मूळ शेअर सर्टिफिकेट शेवटचा हप्ता होईपर्यंत काकांकडे. सलग तीन हप्ते चुकले तर त्यांना गहाणखताप्रमाणे वसुलीचा हक्क. काका-काकूंच्या पश्चात हप्ते मुलीच्या खात्यात, तिची सही संमती म्हणून त्याच दिवशी घेतली. दर जानेवारीत १२ चेक लिहून द्यायचे. पहिल्या वर्षी त्यांच्या डायनिंग टेबलवर बसून मी चेक लिहीत होतो आणि काकू एकेक चेक कॅलेंडरशी ताडून बघत होत्या, "हा रविवार आहे रे, सोमवारची घाल." पेन बदललं तर म्हणायच्या तेच पेन वापर.

यात दोन गोष्टी आधी कोणी सांगत नाही. एक, विकणाऱ्याला नफ्यावरचा कॅपिटल गेन टॅक्स विक्रीच्याच वर्षात पूर्ण भरावा लागतो, पैसे पाच वर्षांत मिळणार असले तरी. म्हणजे तुम्ही सुरुवातीला देता त्या रकमेतून निदान त्याचा टॅक्स तरी निघायला हवा, नाहीतर त्याचा सीए हा व्यवहार पहिल्याच भेटीत मोडतो, आणि बरोबरच करतो. आणि तुम्ही दिलेलं व्याज त्याचं उत्पन्न असतं, तेही त्याला आधी सांगा. दुसरी गोष्ट, हे बँकेच्या कर्जाबरोबर जमत नाही. बँकेला पहिला बोजा आपलाच हवा असतो. त्यामुळे हा प्रकार छोट्या, जुन्या, बँक जिथं नाक मुरडते अशाच घरांना. आणि विकणारा २० वर्षं थांबत नाही, चार-पाच वर्षंच, म्हणून हप्ता मोठा बसतो. मला त्या नाशिकच्या घराचं भाडं ८ हजार यायचं, हप्ता साडेछत्तीस. दोघांच्या पगारावर काढली ती पाच वर्षं, फिरायला म्हणून कुठं गेलो नाही.

कर्ज चालू असलेलं घर

रीलमधला सगळ्यात लाडका प्रकार हाच, विकणाऱ्याचं कर्ज तसंच ठेवायचं आणि हप्ते आपण भरायचे. आपल्याकडे हे "नोटरी करू, पॉवर ऑफ ॲटर्नी देतो, तू हप्ते भर, फिटलं की घर तुझं" या रूपात येतं. नका करू. २०११ मध्ये सुरज लॅम्प नावाच्या खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की नुसत्या पॉवर ऑफ ॲटर्नीवर आणि करारावर मालकी जात नाही. तुम्ही सात वर्षं हप्ते भराल, कर्ज फिटलं की बँक मूळ कागद परत देणार त्याच माणसाला, आणि तोवर तो वारला असेल तर त्याच्या चार वारसांना.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे पण सुरक्षित आहे. विकणाऱ्याने आपल्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील याचं पत्र) आणि तिथं जमा असलेल्या कागदांची यादी घ्यायची. समजा त्याचं १५ लाख बाकी आहे. तुमची बँक ते बघून कर्ज मंजूर करते, साठेखत रजिस्टर होतं, तुमची बँक १५ लाखांचा चेक थेट त्याच्या बँकेच्या नावाने काढते, मूळ कागद तिकडून सोडवले जातात आणि उरलेली रक्कम विकणाऱ्याला मिळते. फ्लोटिंग रेटचं, म्हणजे बदलत्या व्याजदराचं, गृहकर्ज वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही, त्यामुळे त्याचं नुकसान नाही. कागद सुटायला वेळ लागतो. या मधल्या दिवसांत विकणारा, घेणारा आणि एजंट तिघंही एकमेकांना दिवसातून चारदा फोन करतात, ते नॉर्मल आहे.

दोघा-तिघांत मिळून घेणं

भाऊ-भाऊ, भाऊ-बहीण, मित्र. बँक बहुतेक वेळा जवळच्या नात्यातलेच सहकर्जदार घेते, मित्रांना कर्ज देताना कुरकुरते, त्यामुळे मित्रांनी घ्यायचं तर स्वतःच्या पैशांत बसेल असं छोटं घ्यावं, गाळा वगैरे. खरेदीखतात प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहा, नाहीतर पुढं सगळे सारखे समजले जाण्याची शक्यता. आणि बाहेर पडायचा रस्ता आधी ठरवा: एकाला पैसे हवे झाले तर बाकीच्यांनी किती दिवसांत आणि कोणत्या भावाने घ्यायचं, व्हॅल्युएशन कोण करणार. हे चहा पिताना बोलून होत नाही, लिहावंच लागतं, आणि लिहायचं म्हटलं की मैत्रीत थोडं वाईट वाटतं, वाटू दे. "पैसे माझे, नाव तुझं" हे तर मुळीच नको, बेनामी कायदा २०१६ च्या दुरुस्तीनंतर चांगलाच कडक झालाय, मालमत्ता जप्त होते.

बिल्डरच्या स्कीमा

"आता १० टक्के, बाकी ताब्यावेळी", "ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू". दुसऱ्या प्रकारात कर्ज तुमच्याच नावावर असतं, बिल्डरने हप्ते भरायचं थांबवलं की बँक तुमच्या दारात येते आणि सिबिल तुमचं खराब होतं. असं इतकं झालं की २०१३ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, बांधकाम जसं पुढं जाईल तसेच पैसे सोडा, आणि २०१९ ला नॅशनल हाउसिंग बँकेने हाउसिंग फायनान्स कंपन्यांना अशा स्कीमांपासून लांब राहायला सांगितलं. पहिला प्रकार, जिथं खरोखर पैसे शेवटी द्यायचे असतात आणि मधे कर्जच नसतं, तो चांगला, पण त्यासाठी भाव वाढवून लावलाय का हे शेजारच्या प्रोजेक्टला फोन करून बघा. महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताब्याची तारीख बघा, आणि रेरा कायद्याप्रमाणे करार रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत हे त्याच्या सेल्सवाल्याला आठवण करून द्या. भाडं सुरू व्हायला तीन-चार वर्षं लागणार, नवशिक्याने हे शेवटी करावं असं माझं मत.

बँकेच्या लिलावाबद्दल पण विचारतात. स्वस्त दिसतं. पण बोली लागली की २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी आणि बाकी साधारण १५ दिवसांत, म्हणजे हातात रोख असलेल्यांचाच तो खेळ, आणि "प्रतीकात्मक ताबा" लिहिलं असेल तर बहुतेक आत अजून कोणीतरी राहतंय असा अर्थ.

कागद आणि पैसे

वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च घ्या, जमीन किंवा स्वतंत्र घर असेल तर सात-बारावरचा इतर हक्काचा रकाना नीट वाचा, वर्तमानपत्रात नोटीस द्या. शेतजमीन मात्र महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला सरळ घेता येत नाही, त्यामुळे कोणी "एक गुंठा, हप्त्याने, सात-बारा नावावर" म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

कॅश अजिबात नको. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तितकाच दंड. आणि रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा, फार कमी किंमत दाखवली तर फरक १० टक्क्यांच्या पुढं गेला की तो तुमचं उत्पन्न धरून तुमच्याकडून टॅक्स घेतात. व्यवहार ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर ही ५० लाखांची सूटही नाही आणि दरही १ टक्का नाही, आधी सीए गाठा.

घर हातात आल्यावर

लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, ऑनलाइन रजिस्टर करा, महाराष्ट्रात ते बंधनकारकच आहे, पोलिसांनाही कळवा. स्टँप ड्युटी पाव टक्का, एकूण भाड्यावर अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेला आकार) लावेल, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आमच्या सेक्रेटरींना मी परिपत्रकाची प्रिंट नेऊन दिली तेव्हा कुठं ऐकलं.

मुंबईत हेवी डिपॉझिट हा एक खास आपला जुगाड आहे. भाडेकरू भाडं नाही किंवा अगदी कमी देतो, त्याऐवजी पाच-सहा लाख डिपॉझिट एकदम. ते गृहकर्जात भरलं की व्याज वाचतं, म्हणजे भाड्याऐवजी बिनव्याजी कर्जच. फक्त तो जाताना ते सगळं परत द्यायचंय, आणि पुढचा भाडेकरू त्याच आठवड्यात मिळेल असं काही नाही. म्हणून जेवढं डिपॉझिट घ्याल त्यातलं निम्मं तरी एफडीत ठेवा. चेकनेच घ्या, करारात आकडा पूर्ण लिहा, आणि आत जाताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, नळ उघडून दाखवत.

एवढं सगळं वाचून डाउन पेमेंटच जमत नाहीये असं वाटलं तर शेअर बाजारात आरईआयटी (अनेकांचे पैसे एकत्र करून मालमत्तांत गुंतवणारे ट्रस्ट) आहेत, २०१९ पासून, एका युनिटपासून घेता येतात, मोठमोठ्या ऑफिसांच्या आणि मॉलच्या भाड्याचा वाटा खात्यात येतो. त्यात ना सेक्रेटरी ना गळका नळ. मी माझ्या भाच्याला आधी तेच घ्यायला लावलंय आणि सोबत एक वही दिलीय, त्यात तो दर शनिवारी कोथरूडमधली दोन घरं बघून किंमत, भाडं आणि विकणाऱ्याला पैसे कधी हवेत हे तीन रकाने भरतो. आत्तापर्यंत ३४ घरं झालीत, तिसरा रकाना १९ ठिकाणी रिकामा आहे कारण त्याला विचारायला लाज वाटते.